रजा कशी घ्यावी, कशी द्यावी

डिसेंबरचा शेवटचा आठवडा आला की मी रजेची कार्डं काढून बसते. पिवळट पुठ्ठ्याची, कोपरे दुमडलेली. कुणाच्या कार्डावर तेलाचा अंगठा, कुणाच्या कार्डावर वाळूची पूड. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीच्या, म्हणजे लोखंडाच्या ओतकामाच्या कारखान्याच्या, टाइम ऑफिसात मला २२ वर्षं झाली. दीडशेच्या आसपास माणसं, तीन पाळ्या, सोमवारी साप्ताहिक सुट्टी. हजेरी आता मशीनवर लागते, पगार संगणकावर निघतो, पण रजेचं कार्ड मी हातानंच लिहिते. कार्ड हातात धरलं की त्या माणसाचं अख्खं वर्ष समोर येतं.

दरवर्षी त्या गठ्ठ्यात दहा-बारा कार्डं अशी निघतात, की ‘रजा घेतली’ हा रकाना कोराच. पूर्वी मला अशा माणसांचं कौतुक वाटायचं. आता ती कार्डं मी बाजूला काढते आणि जानेवारीत त्या माणसांना एकेकट्याला बोलावून घेते.

हे सुरू झालं आमच्या मेल्टरमुळं, म्हणजे भट्टीत लोखंड वितळवणाऱ्या माणसामुळं. १४ वर्षं तो भट्टीवर. कुठल्या ग्रेडला भंगार किती, पिग आयर्न किती, फेरोसिलिकॉन किती, शेवटी लॅडलमध्ये, म्हणजे रस ओतायच्या पात्रात, कास्टिंग कडक होऊ नये म्हणून टाकायचं इनॉक्युलंट किती, हे सगळं त्याच्या शर्टाच्या खिशातल्या लहान डायरीत असायचं. तीन वर्षं त्यानं एकही रजा घेतली नव्हती. मग एका जुलैत त्याची आई गेली. गाव शाहूवाडी तालुक्यात, डोंगराच्या पोटात, फोनला रेंज नाही. डायरी त्याच्याबरोबर गेली. १३ दिवस आम्ही अंदाजानं भट्टी चालवली. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून कास्टिंग कडक यायला लागली, मशीन शॉपमध्ये कापायच्या हत्याराची टोकं, इन्सर्टवर इन्सर्ट, तुटायला लागले, आणि ग्राहकाकडून एक गाडी माल परत आला.

तो परत आला तो थेट भट्टीवर उभा राहिला. मागं पडलेलं काम भरून काढायचं म्हणून रात्रपाळीलाही थांबला. चौथ्या दिवशी लॅडलजवळ त्याला चक्कर आली. मागं उभ्या असलेल्या हेल्परनं कमरेला मिठी मारून त्याला ओढला. १४०० अंशांच्या वरचा लोखंडाचा रस दोन पावलांवर होता. त्याच दुपारी मी त्याचं कार्ड नेऊन मालकांच्या टेबलावर ठेवलं. तीन वर्षांच्या ४२ रजा. आईच्या दिवसांत दोन सोमवार येऊन गेले, म्हणून गेल्या ११. शिल्लक ३१. मालक बराच वेळ त्या आकड्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, “मॅडम, हे आधी का दाखवलं नाही?” मला उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून मी जे शिकले, जे आमच्याकडं लागू केलं, ते इथं लिहिते आहे. आधी कामगारांसाठी, मग मालक-मॅनेजर मंडळींसाठी. पण दोघांनी दोन्ही वाचावं, ही विनंती.

पहिलं काम, आपली रजा स्वतः मोजा. गेल्या वर्षी जितके दिवस कामावर होता, त्याला २० नं भागायचं. २६४ दिवस भरले असतील तर १३.२, म्हणजे १३ रजा. २७१ भरले असतील तर १३.५५, म्हणजे १४, कारण अर्धा किंवा त्याहून जास्त अपूर्णांक पूर्ण दिवस धरतात. मी हे शिकले ते १९४८ च्या कारखाने अधिनियमावरून. तेव्हा या रजेसाठी वर्षात २४० दिवस भरावे लागत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून कामगारांची सुरक्षा, आरोग्य आणि कामाची परिस्थिती यांची नवी संहिता लागू झाली, तिच्यात ही अट १८० दिवसांची आहे. लांबलेल्या आजारपणामुळं ज्यांचे दिवस भरत नसत, त्यांच्यासाठी हा बदल मोठा आहे. कंत्राटदाराच्या हजेरीपटावर असलात तरी ही रजा तुमचीही आहे. दुकानात किंवा ऑफिसात काम करत असाल आणि तिथं २० किंवा जास्त माणसं असतील, तर महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा बघा. त्यात २० दिवसांना एक ही रजा आहेच, शिवाय वर्षाला ८ नैमित्तिक रजा आहेत.

कारखान्यात न घेतलेली रजा ३० दिवसांपर्यंत पुढच्या वर्षात जाते. पण तुम्ही मागितली आणि मिळाली नाही, अशी रजा या मर्यादेत धरत नाहीत, ती सगळी पुढं जाते. म्हणूनच मी प्रत्येकाला सांगते, रजा तोंडी मागू नका. चहाच्या टपरीवर सुपरवायझरला “साहेब, पुढच्या महिन्यात जरा गावाकडं जायचं हाय” म्हणून सांगितलं, तर ती मागणी कुठंच नोंदली जात नाही. अर्ज लिहा, निदान १५ दिवस आधी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर सही घ्या.

आता सोमवारचा हिशोब. रजेच्या आत किंवा रजेला लागून आलेली साप्ताहिक सुट्टी रजेत मोजत नाहीत. आमच्याकडं मंगळवार ते रविवार सहा रजा टाकल्या, की मागचा-पुढचा सोमवार धरून आठ दिवस हातात येतात. त्यात गणपती किंवा दसऱ्याची सुट्टी आली तर एक रजा वाचते. इतकं साधं गणित, पण मी कॅलेंडर समोर धरून बोट ठेवून दाखवल्यावर कित्येकांचे चेहरे खुलतात.

सगळ्यात अवघड माणूस म्हणजे ज्याला रजा परवडत नाही असं वाटतं. फेटलिंगमधल्या, म्हणजे ओतीव माल घासून साफ करायच्या खात्यातल्या, एका मामांनी मला सरळ विचारलं होतं, “मॅडम, रजा घिऊन काय करू सांगा? ओटी जाती, हजेरी बक्षीस जातं. घरात बसून पोट भरतंय व्हय?” त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. रजेच्या पगारात ओव्हरटाइम धरत नाहीत, आणि ओटीचा दर दुप्पट. ज्याचं घर ओटीवर चालतं त्याला सहा दिवसांची पगारी रजासुद्धा खिशाला लागते. मी त्यांच्यासमोर त्यांच्याच हजेरीचा कागद ठेवला. सहा दिवस आठ-आठ तास म्हणजे ४८, त्यावर चार दिवस दोन-दोन तास ओटी, म्हणजे आठवड्याला ५६ तास. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ साली मिळून सांगितलं, की आठवड्याला ५५ किंवा त्याहून जास्त तास काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी जास्त असतो आणि हृदयविकारानं मरण्याचा १७ टक्क्यांनी. अमेरिकेत हृदयविकाराचा धोका असलेल्या १२ हजारांवर पुरुषांचा नऊ वर्षं मागोवा घेतला, त्यातही दरवर्षी सुट्टी घेणाऱ्यांमध्ये मृत्यू कमी आढळले होते. रक्तदाबाची गोळी मामांच्या खिशातच होती. त्यांनी ती काढून बघितली आणि गप्प बसले. सहा दिवसांचा अर्ज दोन दिवसांनी आला.

परवडत नसेल तर माझा सल्ला असा, की ज्या महिन्यात शाळेची फी किंवा सोसायटीचा हप्ता आहे त्या महिन्यात रजा टाकू नका. रजेच्या आधीचे तीन महिने ओटीतले थोडे पैसे बाजूला ठेवा. मामांनी भिशीचा नंबर लागण्याच्या महिन्यात रजा बसवली. तोही चांगला मार्ग आहे.

रजा एकदम संपवू नका. सुट्टीनं आलेला ताजेपणा कामावर परतल्यावर काही आठवड्यांत ओसरतो. अभ्यासकांनीही हे मोजलं आहे आणि मी रोज गेटवर बघते. म्हणून वर्षातून एकदा पंधरा दिवस गायब होण्यापेक्षा पाच-सहा दिवसांचे दोन-तीन तुकडे बरे. जुन्या कायद्यानं वर्षात तीन वेळा रजा घ्यायची मुभा दिली होती. ती वाटणी मला अजूनही योग्य वाटते. मात्र तुकडा अगदी लहान नको. एका दिवसाच्या सुट्टीत मोटारसायकलची दुरुस्ती होते, बँकेचं काम होतं, माणसाला आराम मिळत नाही.

यावर मला जास्त बोलायचं आहे, कारण आमच्याकडं निम्म्या रजा आरामासाठी नसतातच. पन्हाळा, शाहूवाडी, गगनबावड्याकडची माणसं जुलैत रोपलावणीला जातात. चार दिवस गुडघाभर चिखलात वाकून परत येतात आणि मंगळवारी मोल्डिंगवर उभी राहतात. ऊस तुटायला आला की तेच. ही रजा घ्यावीच लागते, शेत थांबत नाही. पण अर्ज लिहितानाच स्वतःशी कबूल करा, की ही शेताची रजा आहे, आणि दुसरी एक आरामाची रजा त्याच दिवशी कॅलेंडरवर लिहून ठेवा. कोअर शॉपमध्ये, म्हणजे साच्यात बसवायचे वाळूचे गाभे बनवतात तिथं, काम करणाऱ्या बायकांचं तर याहून अवघड. त्यांची रजा म्हणजे दिवाळीची साफसफाई, फराळ, घरच्या पाहुण्यांची सरबराई. कामावर येतात तेव्हा निदान डबा खायला अर्धा तास बसतात, रजेत तेवढंही नाही. मी त्यांना स्पष्ट सांगते, बायांनो, वर्षातले चार दिवस माहेरी जा, आणि सणाला जाऊ नका, सण नसताना जा. आईच्या हातचं आयतं ताट पुढं येईल तेव्हाच तुमची रजा झाली. एकजण चैत्रात, जोतिबाची यात्रा उरकल्यावर, पाच दिवस आजऱ्याला माहेरी राहून आली. येऊन म्हणाली, “मॅडम, मी दुपारी झोपले.” लग्नाला १९ वर्षं झाली होती तिच्या.

रजा मागायला ज्यांना लाज वाटते त्यांना मी नारायण मेघाजी लोखंडे यांची आठवण देते. मुंबईच्या गिरण्यांत आठवड्याची एक सुट्टीसुद्धा नव्हती. त्यांनी मजूर एकत्र आणले, सह्या गोळा केल्या, सभा घेतल्या, तेव्हा कुठं १० जून १८९० पासून रविवारची सुट्टी मिळाली. ती कुणी मेहेरबानी म्हणून दिली नव्हती.

निघण्याआधी एक कागद भरून जा. आमच्या रजेच्या अर्जावर आता ‘काम कोण बघणार’ असा रकाना आहे आणि मागच्या बाजूला तीन ओळी: अर्धवट काय राहिलंय, कुठं अडेल, अडलं तर कुणाला विचारायचं. सीएनसीवरचा पोरगा मागं लिहितो, ‘३ नंबरचा ऑफसेट संध्याकाळी सरकतो, दर ५० नगांनी बोअर तपासणे.’ एवढी एक ओळ लिहिली तर त्याचा फोन वाजत नाही.

परतल्यावरचा पहिला दिवस कसा असावा, हे भट्टीवरच्या माणसांना समजावून सांगावं लागत नाही. भट्टीचं लायनिंग, म्हणजे आतलं अस्तर, झिजलं की आपण ते काढतो, नवीन रॅमिंग मास, म्हणजे अस्तराची पूड, ठोकतो, आणि पहिल्या हीटला भट्टी एकदम पूर्ण पॉवरवर टाकत नाही. हळूहळू तापवतो, सिंटरिंग होऊ देतो, म्हणजे अस्तर भाजून घट्ट होऊ देतो. घाई केली तर लायनिंगला तडा जातो. परत आलेल्या माणसाला पहिल्या पाळीत ओटी नको, रात्रपाळी नको. आमच्या मेल्टरच्या बाबतीत आम्ही नेमकं हेच चुकलो होतो. लांबच्या प्रवासाहून आलात तर एक दिवस घरी राहून मग या, तो दिवस रजेतच धरून ठेवा.

आता मालकांसाठी.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात एक तास काढा. एक मोठा तक्ता घ्या, १२ महिने आडवे, खाती उभी. प्रत्येक खात्याच्या सुपरवायझरनं आपल्या माणसांना विचारून रजा त्यावर पेन्सिलीनं भरायच्या. एका वेळी एका खात्यातून किती माणसं सुटू शकतात, तो आकडा वर लिहा. गणपतीला आणि दिवाळीला सगळ्यांनाच हवं असतं, तिथं पाळी लावा: यंदा गणपती ज्याला मिळाला त्याला पुढच्या वर्षी दिवाळी. आमच्याकडं पहिल्या वर्षी वाद झाले. दुसऱ्या वर्षी माणसं आपसांत अदलाबदल करून माझ्याकडं आली.

बिहार, झारखंडची मुलं असतील तर त्यांच्या रजा सगळ्यात आधी मंजूर करा. कोल्हापूरहून धनबादला जाणारी दीक्षाभूमी एक्सप्रेस आठवड्यातून एकदाच सुटते, आणि रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. दिवाळीनंतर सहाव्या दिवशी छठ. म्हणजे ऑगस्टच्या शेवटापर्यंत त्यांच्या हातात मंजुरीचा कागद असला पाहिजे. तो नसला तर मुलगा जनरल डब्यात उभ्यानं जातो, परत कधी येईल हे त्यालाही माहीत नसतं, आणि बरेचदा तो दुसऱ्याच गावातल्या कारखान्यात लागतो. या मुलांना दोन दिवस जायला, दोन दिवस यायला लागतात, त्यांची रजा तीन आठवड्यांपेक्षा कमी धरू नका. कागद वेळेवर मिळायला लागल्यापासून आमची मुलं सांगितलेल्या तारखेला गेटवर हजर होतात.

हजेरी बक्षिसाचा नियम तपासा. मंजूर पगारी रजा घेतली तरी बक्षीस कापायचं, असा नियम असेल तर तुम्ही माणसाला हक्काची रजा न घेण्याचे पैसे देत आहात. आम्ही ते बंद केलं. आता बक्षीस कापतो ते फक्त न सांगता केलेल्या खाड्याला. मालकांना भीती होती की हजेरी घसरेल. झालं उलटंच. मला रोज सकाळी सात वाजता हजेरीपट बघावा लागतो, खाडे कमी झालेले मी डोळ्यांनी बघितले. १५ दिवस आधी कळलेली रजा मला बदली माणूस लावून भरून काढता येते. पाळी सुरू होताना कळलेला खाडा मोल्डिंग लाइन बसवतो, आणि मागं भट्टीत रस तयार असतो, त्याला थांबता येत नाही.

रजेवरच्या माणसाला फोन करू नका. आमच्याकडं नियम असा आहे, की फोन करायचा तर आधी मॅनेजरना विचारायचं आणि का केला ते वहीत लिहायचं. वही उघडून बघितली तेव्हा बहुतेक फोन एकाच प्रकारचे निघाले: एखादी माहिती एकाच माणसाकडं आहे. मग ती माहिती भिंतीवर आणणं हे आमचं काम झालं. माझी नणंद बँकेत करन्सी चेस्टला, म्हणजे नोटांच्या तिजोरीवर, आहे. तिला दरवर्षी अचानक सांगितलं जातं, उद्यापासून दहा दिवस येऊ नका. रिझर्व्ह बँकेचाच तसा आदेश आहे, जोखमीच्या जागेवरच्या माणसाला वर्षातून एकदा सलग निदान दहा कामाचे दिवस, आधी न सांगता, रजेवर पाठवायचं. त्या दिवसांत दुसरा माणूस तिची खुर्ची सांभाळतो आणि काही चुकत असेल तर उघड्यावर येतं. फाउंड्रीत अचानक पाठवण्याची गरज नाही, पण स्टोअर, वजनकाटा, डिस्पॅच, टाइम ऑफिस, या जागांवरच्या माणसानं वर्षातून एकदा सलग सहा दिवस जागा सोडलीच पाहिजे. मीही सोडते. माझ्या पहिल्या सलग रजेत पगारपत्रक करणाऱ्या मुलीला पीएफच्या दोन जुन्या नोंदी चुकलेल्या सापडल्या. मी असते तर त्या तशाच राहिल्या असत्या.

वर्षाच्या शेवटी रजेचे पैसे मागणारे येतील. नव्या संहितेत तशी सोय आहे आणि अडचणीतल्या माणसाला ते पैसे द्यायलाच हवेत. पण दरवर्षी तोच माणूस पैसेच घेऊन जात असेल तर त्याला बसवून विचारा, घरी काय चाललंय. माझ्या टेबलासमोर बसून दोघांनी सावकाराचं देणं सांगितलं आहे. पतसंस्थेतून कर्ज फिरवल्यावर दोघंही रजेवर गेले.

भट्टीजवळच्या भिंतीवर आता हातभर लांबीचा तक्ता आहे, ग्रेडनिहाय, मेल्टरच्या अक्षरात, प्लास्टिकच्या आवरणाखाली. या वर्षीचा त्याचा रजेचा अर्ज काल आला. जुलैत सहा दिवस, रोपलावणीला. मेमध्ये सहा दिवस, कारण या रकान्यात फक्त ‘घरी’ असं लिहिलंय. ‘काम कोण बघणार’ या रकान्यात त्याला मागून ओढून धरणाऱ्या त्या हेल्परचं नाव आहे. पोरगा गेलं वर्षभर दुसऱ्या पाळीची भट्टी एकटा काढतोय.